खिळ्यावरचा नमुना

सौदीतल्या राबिघच्या जुन्या बाजारात, मासळीवाल्यांच्या पलीकडच्या गल्लीत, गफूर हुर्झुकचं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. अठ्ठावीस वर्षं झाली तो तिथे बायकांचे कपडे शिवतोय, आणि या अठ्ठावीस वर्षांत त्याने एकाही बाईच्या अंगाला टेप लावलेली नाही. तुम्ही म्हणाल, थापा! अजिबात नाही. तिथली रीतच तशी होती. शिवणारा पुरुष, आणि परक्या पुरुषाने बाईचं माप घ्यायचं नाही. मग बाई काय करायची, तर अंगाला नीट बसणारा आपला एखादा जुना कपडा खिडकीतून आत सरकवायची. तो नमुना. त्यावरून नवा शिवायचा. आता मोठ्या दुकानांनी मापं घ्यायला बायका ठेवल्यात, पण गफूर बदलायला तयार नाही. "टेप लावली की बाई पोट आत ओढून उभी राहते," तो म्हणतो. "वापरलेला कपडा खोटं बोलत नाही."

आणि खरंच, नमुना हातात घेतला की त्याला त्या बाईचं सगळं चरित्र दिसायचं. डाव्या बाजूची शिवण ताणलेली असली, की पोर डाव्या कडेवर असतं. कोपरापाशी कापड चकाकलं, की बाई शाळेत शिकवते, टेबलावर कोपर टेकून वह्या तपासते. या हुशारीपायी एकदा चांगलाच तोंडघशी पडला. रिफायनरीतले रत्नाकर इंजिनियर, नाशिकचे, त्यांच्या बायकोने, मंजिरीताईंनी, ब्लाउज पाठवला आणि सोबत चिठ्ठी, "दोन बोटं सैल करा." गफूरने गालातल्या गालात हसून बाहेर गाडीत बसलेल्या रत्नाकरना सांगितलं, "मुबारक हो साहेब!" ते बिचारे जिलबी घेऊन घरी गेले. मंजिरीताईंचा नुसता दिवाळीचा फराळ जास्त झाला होता! तीन महिने त्यांनी शिवण जेद्दाला दिलं. तेव्हापासून नमुन्यात दिसलेलं पोटात ठेवायला गफूर शिकला. म्हणजे, त्याच्या मते शिकला.

गडी मूळचा म्हसळ्याजवळचा. बाप बोटीवर खलाशी, पण या पोराला पाण्याची भीती, म्हणून मामाने महाडच्या दुकानात काजं-बटणं करायला बसवलं. चोविसाव्या वर्षी राबिघला आला. पुढे लग्न करून खतीजाला आणलं, लाइबा झाली. लाइबा आता दहावीत आहे. बापाशी हिंदी-इंग्रजीत बोलते आणि आईशी भांडण निघालं तरच मराठीत. घरात खतीजाचं राज्य, दुकानात गफूरचं. निदान मुन्झिर येईपर्यंत तरी होतं.

मुन्झिर हा दुकानाचा कटर, सीरियातल्या हमा शहराचा. दोन हजार बाराच्या अखेरीस आला तेव्हा एकतिशीचा होता. कापडावर खडूची एक रेघ मारायचा आणि कात्री चालवायचा, दुसऱ्यांदा बघायचा नाही. आल्या आल्या त्याने गफूरला सांगितलं, तुझ्या बाह्यांचा घेर चुकतो. गफूर आठ दिवस त्याच्याशी बोलला नाही, नवव्या दिवशी घेर बदलला. पुढची बारा वर्षं दोघं सकाळी दुकान उघडल्यापासून भांडायचे. वाद अरबीत, आणि शिव्यांची वेळ आली की गफूर कोकणात उतरायचा. मुन्झिरला अर्थ कळत नसे, पण रोख बरोबर कळे.

येताना मुन्झिरने आईचा एक झगा आणला होता. काळा, छातीवर लाल धाग्याने फुल्याफुल्यांचं भरतकाम, तिनेच केलेलं. निघताना तिने पिशवीत कोंबला आणि म्हणाली, "हा नमुना ने. सहा महिन्यांनी येशील तेव्हा नवा शिवून आण." सहा महिने कसले! तिकडे लढाई आणखी भडकली, आणि सैन्यात परत बोलावलेल्यांच्या यादीत मुन्झिरचं नाव लागलं. हद्दीच्या आत पाऊल टाकलं की एकतर हातात बंदूक, नाहीतर तुरुंग. झगा दुकानातल्या खिळ्यावर राहिला, प्लॅस्टिकमध्ये. दर ईदेला गफूर विचारायचा, "शिवूया का रे अम्मीचा?" आणि मुन्झिर म्हणायचा, "नेणार कोण? मी नेईन तेव्हा शिवू." मग गफूर कुणाचा तरी दुसरा कपडा ओढायचा आणि मशीन जोरात चालवायचा.

आईकडे साधा बटणांचा फोन. त्यात फोटो नाही, व्हिडिओ नाही. वीज येईल तेव्हा चार्ज व्हायचा. आणि बोलायची काय, तर हवामान आणि टोमॅटो. आज ऊन आहे. आज वारा आहे. टोमॅटो महाग झाले. फोन कोण कोण ऐकतं याचा भरवसा नव्हता, म्हणून म्हातारीने बारा वर्षांत दुसरा विषयच काढला नाही. "तू कशी आहेस?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "होते तश्शी आहे."

दोन हजार चोवीसच्या नोव्हेंबरअखेर ते सगळं हललं. उत्तरेत दबा धरून बसलेले बंडखोर एकदम बाहेर पडले आणि तीन दिवसांत त्यांनी अलेप्पो घेतलं. लाइबा शाळेतून आली की फोनवर नकाशा उघडून बसायची. "अब्बा, लुक, ये ग्रीन वाला देखो, कल यहाँ था, आज यहाँ!" गफूरला नकाशातलं काही कळत नसे, पण हिरवा रंग रोज वरून खाली उतरतोय आणि खाली सरळ रेषेत हमा आहे, एवढं न कळायला काय झालं? त्याने मुन्झिरला विचारलं, "हे लोक चांगले की वाईट?"

"मला काय माहीत, उस्ताद! तेरा वर्षांत जो आला त्याने बंदूकच आणली," मुन्झिर म्हणाला. "मला फक्त ती यादी जळायला हवी आणि आई जगायला हवी. बाकी कुणी का येईना."

मंगळवारी आईचा फोन लागेनासा झाला. बुधवारीही नाही. बातम्यांत हमाच्या वेशीवर लढाई, वरून विमानं. मुन्झिर दर दहा मिनिटांनी नंबर दाबायचा आणि पुन्हा कात्री उचलायचा. मंजिरीताईंच्या दिराचं लग्न होतं, त्यांचे तीन ब्लाउज त्याच दिवशी कापायचे होते. कापले. तिन्ही ब्लाउजांच्या दोन्ही बाह्या डाव्या! बारा वर्षांत ज्याचा एक इंच चुकला नाही, त्याने सहा बाह्या डाव्या कापल्या. गफूरने त्या हातात घेतल्या आणि, नवल म्हणजे, भांडण न काढता खणात ठेवून दिल्या.

मंजिरीताई न्यायला आल्या त्या पदर खोचूनच. गफूरने बाहेर येऊन खरं ते सांगितलं. त्या खिडकीपाशी क्षणभर थांबल्या, आत मान खाली घालून बसलेल्या मुन्झिरकडे पाहिलं. "ब्लाउज राहू द्या," त्या म्हणाल्या. "जुना घालीन, माझ्याकडे कोण बघतंय त्या लग्नात! पण गफूरभाई, त्यांना खोलीवर एकटं सोडू नका हं." गफूरलाही तेच वाटत होतं. दुसऱ्या कुणीतरी बोलून दाखवलं म्हणून त्याला फार बरं वाटलं.

गुरुवारी दुपारी बातमी आली. हमा पडलं. सरकारी सैन्य निघून गेलं, बंडखोर आत शिरले. समोरचा मिठाईवाला सीरियनच, तो ताट घेऊन धावत आला, "मबरूक, मबरूक!" मुन्झिरने मिठाईला हात लावला नाही. "आधी तिचा आवाज येऊ दे," तो म्हणाला. त्याचं गाव मोकळं झालं होतं आणि त्याचा चेहरा कोऱ्या कापडासारखा पांढरा पडला होता. आई वाचली की नाही, बस, एवढाच प्रश्न. त्यापुढे हमा गेलं काय आणि आलं काय.

शुक्रवारी नमाजनंतर गफूर त्याला ओढतच घरी घेऊन गेला. खतीजाने सुरमईचं कालवण केलं होतं, तांदळाच्या भाकऱ्या होत्या. मुन्झिर भाकरीशी चाळा करत बसला होता. तेवढ्यात फोन वाजला.

त्याने कानाला लावला, आणि लगेच कानापासून हातभर लांब धरला. का, तर म्हातारी ओरडत होती. सगळ्या घराला ऐकू जाईल अशी ओरडत होती. तिने सुरुवात केली तिच्या गॅसच्या टाक्या उचलून नेणाऱ्या अधिकाऱ्यापासून. मग तो सही न देणारा कारकून. मग नाक्यावरचा शिपाई, त्याची मिशी, त्या मिशीचं खानदान. बारा वर्षं हवामानाखाली दाबून ठेवलेल्या शिव्या नुसत्या कोसळत होत्या. गफूरचे डोळे मोठे होत गेले. "मी इतकी वर्षं इथे आहे," तो पुटपुटला, "पण हे अरबी कधी कानावर पडलं नव्हतं."

"व्हॉट इज शी सेइंग? अब्बा, ट्रान्सलेट करो ना!" लाइबा.

"आशीर्वाद देतेय. गप जेव."

मुन्झिर मध्येच म्हणाला, "आई, आज हवामान नाही सांगितलंस?"

"हवामान गेलं खड्ड्यात!" म्हातारी कडाडली. "तू कधी येतोस ते सांग!"

मग मुन्झिर हसायला लागला. इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि ठसक्यातून रडू आलं, आणि पुन्हा हसू. खतीजाला अरबी बेताचंच येतं, पण ती पदराने डोळे पुसत त्याच्या ताटात सुरमईचे तुकडे वाढत सुटली. पाच तुकडे खाल्ले गड्याने. सहावा गफूरचा होता, तोही गेला.

रविवारी सकाळी राजधानी दमास्कसही पडलं, आणि ज्या यादीने मुन्झिरला बारा वर्षं अडकवून ठेवलं होतं तिला विचारणारं कुणी उरलं नाही. दुकानाचा कफील, म्हणजे कागदोपत्री जामीन राहणारा सौदी मालक, म्हातारा माणूस. तो काठी टेकत स्वतः आला, दोन महिन्यांत जाऊन परत यायचा परवाना काढून देतो म्हणाला. "आई आहे तोवर जाऊन ये. यल्ला, नीघ!"

आता झगा शिवायचा होता, आणि गफूरच्या अंगात वारं शिरलं. कापडावरून भांडण झालं. मुन्झिरला साधं काळं सुती हवं, गफूरला काळं मखमल. मखमल जिंकलं. नमुना खिळ्यावरून निघाला, प्लॅस्टिक फेकलं, टेबलावर पसरला. गफूरने दोन्ही तळहातांनी तो सपाट केला आणि वाचायला लागला. भारदस्त बाई. खांदे रुंद. उजवा हात जोरकस, कणीक तिंबणारा. "तुझी आई अशीतशी नाही बरं का," तो म्हणाला.

खतीजा छातीवरच्या भरतकामासाठी लाल धागे निवडत बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, "अहो, बारा वर्षांत बाई तश्शीच राहते का?"

"ती स्वतःच म्हणते, होते तश्शी आहे म्हणून."

"आई आणखी काय म्हणणार पोराला? शेजाऱ्यापाजाऱ्याकडून एकदा माप तरी मागवा."

"खतीजा, नमुना म्हणजे नमुना. आजवर कधी चुकलाय?" विषय संपला. गफूरच्या दुकानात नमुन्यावर अपील नाही. आणि मुन्झिर तर काय, त्याच्या डोळ्यांपुढे तीच बाई होती, दारात उभी राहून पिशवीत झगा कोंबणारी. दोघे कसलेले कारागीर, पण बारा वर्षांचा हिशेब दोघांच्याही डोक्यात आला नाही.

घाई गफूरचीच जास्त होती, आणि त्याला कारण होतं. दहा वर्षांपूर्वी त्याची स्वतःची आई गेली, तेव्हा परवाना, तिकीट, विमान करत तो तिसऱ्या दिवशी गावात पोचला होता. कबरीवरची माती सुकली होती. हे तो कुणाला सांगत नसे. मुन्झिरला त्या आठवड्यात सांगितलं. "मी पोचलो, पण मला बघायला ती नव्हती. तू बघून घे डोळे भरून, आणि तिलाही बघू दे." मुन्झिरने त्याचा खांदा दाबला आणि मखमलावर कात्री ठेवली. आज त्याने खडूची रेघ दोनदा तपासली. मग गफूरने कापड दोन्ही बाजूंनी धरून ठेवलं.

जानेवारीत तो निघाला. जेद्दाहून बस, जॉर्डनमार्गे, दोन दिवसांची. गफूर सोडायला गेला. खतीजाने खोबऱ्याच्या वड्यांचा डबा दिला होता, लाइबाने फोनची पॉवर बँक. झगा मुन्झिरने सामानात टाकला नाही, मांडीवर घेतला. बस हलेपर्यंत गफूर खिडकीखाली उभा राहून सूचना देत होता, इस्त्री उलट्या बाजूने कर, मखमल ओलं करू नकोस, वगैरे वगैरे. विचारायचं होतं भलतंच. परत येणार ना? असा कटर आता आणायचा कुठून, हा एक भाग. पण तेवढंच नव्हतं. ज्याच्याशी भांडल्याशिवाय दिवस उगवत नाही, असा माणूस या वयात दुसरा कुठला मिळतो? पण आईकडे निघालेल्याला हे विचारायचं कोणत्या तोंडाने? बस गेली. राबिघपर्यंतच्या रस्त्यात गफूरने रेडिओसुद्धा लावला नाही.

दोन दिवस दुकानात इतकी शांतता होती की गिऱ्हाइकं विचारायला लागली, तब्येत बरी आहे ना?

तिसऱ्या दिवशी दुपारी व्हिडिओ कॉल आला. मुन्झिरने आता आईच्या घरात खरा फोन नेला होता. खतीजा आणि लाइबा जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या, तिघंही पडद्यावर वाकली. आधी छत दिसलं, मग मुन्झिरचा कान, मग एक बारीकशी म्हातारी. शेजारीण असावी, असं गफूरला वाटलं. मग त्याला मखमल दिसलं. त्याने झगा ओळखला, बाई ओळखली नाही.

खांद्याची शिवण दंडावर आली होती. बाह्यांतून बोटांची टोकंसुद्धा दिसत नव्हती. खालचा घेर जमिनीवर चहूकडे पसरला होता आणि मधोमध ती उभी होती, घरभर हसत. छातीवरच्या लाल फुल्या पोटावर उतरल्या होत्या.

गफूरच्या कानाच्या पाळ्या तापल्या. खतीजा 'मी सांगत होते' म्हणाली नाही. ती म्हणाली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"उस्ताद, बघतोयस ना?" मुन्झिर हसत होता आणि नाक पुसत होता. "दार उघडलं आणि म्हणाली, इतका उशीर का केलास, टोमॅटो आणायला गेला होतास का?"

"बघतोय," गफूर म्हणाला. "टेप आहे जवळ? लाव. तुझीच आई, कसली आलीय रीत!"

मुन्झिरने फोन कपाटावर टेकवला आणि टेप काढली. म्हातारीला गुदगुल्या होत होत्या, ती त्याच्या हातावर चापट्या मारत होती. तो आकडे सांगत गेला, गफूर लिहीत गेला. खांदा नमुन्यात सोळा, आता तेरा. छाती सात इंच कमी. उंची चार इंच. कमी झालेला एकेक इंच म्हणजे किती हुकलेली जेवणं, हे कपडा वाचणाऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. होते तश्शी आहे, म्हणत होती! गफूरने पेन्सिल खाली ठेवली, चष्मा पुसला, पुन्हा उचलली.

"ऐक," तो म्हणाला. "खांदे उसव, दोन्हीकडून घे. बाह्या वीतभर काप. खालून चार इंच. कात्री धारेची आहे ना?"

मुन्झिर कात्री घेऊन पुढे सरकला, आणि म्हातारीने झग्याचा घेर दोन्ही मुठींत गच्च आवळून धरला.

"कुणी कात्री लावायची नाही!" ती फोनजवळ आली. इतकी जवळ, की नुसते तिचे डोळे दिसले. "गफूर तूच ना? याला बारा वर्षं सांभाळलंस तो?"

"हो, अम्मी. माझं चुकलं, अम्मी. मी माप..."

"तुझं माप बरोबर आहे. झगा मोठा नाही झाला बाबा, मी कमी झालेय. आता पोरगा आलाय घरी. त्याच्या पुढ्यात बसून जेवेन. चार महिने दे मला, बघ कशी भरते यात!"

चार महिने. परवाना दोनाचा होता. मुन्झिरने चटकन गफूरकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. बस हलल्यापासून गफूरच्या जिभेवर बसलेला तो प्रश्न अजून तिथेच होता. त्याने तो गिळून टाकला, आणि नवल म्हणजे, एकदम हलकं वाटलं. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या दुकानातून गेलेला कपडा अंगाला बसला नव्हता, आणि त्याला इतका आनंद झाला होता की हसू आवरेना.

"मुन्झिर, ती कात्री ठेव खाली," तो म्हणाला. "अम्मी भरेपर्यंत इकडे यायचं नावसुद्धा काढू नकोस. कफिलाला मी बघून घेतो."